परक्याचे कलम आणि रोजची गोळी

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यात हकीकत होती ती पुण्याची. टिपू सुलतानाबरोबर १७९२ साली झालेल्या युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा एक इसम शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापून टाकण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. पुढे पुण्याजवळ राहणाऱ्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. आधी मेणाचे नाक बनवायचे, ते सपाट करून कपाळावर ठेवायचे, कडेने रेघ मारायची, तेवढी कातडी सोलायची. मात्र दोन भुवयांच्या मध्ये तिचा देठ शाबूत ठेवायचा आणि कातडी फिरवून खाली आणून बसवायची, अशी ती कृती. देठातून रक्त मिळत राहिले आणि कातडीने जीव धरला. अशी क्रिया दोघा इंग्रज डॉक्टरांनी समक्ष पाहिल्याचे त्या पत्रात नमूद आहे.

हा वृत्तांत वाचताना आपल्याला अभिमान वाटतो आणि तो अस्थानी नाही. सुश्रुताच्या ग्रंथातली विद्या पंडितांच्या पाठशाळेतून जवळजवळ नाहीशी झाली असता ती एका कारागिराच्या बोटांत शिल्लक होती, हे नवलच म्हणायचे. परंतु अभिमानाच्या भरात एक गोष्ट नजरेतून सुटते. कावसजीच्या नाकाला लावलेली कातडी कावसजीचीच होती. ती शेजाऱ्याच्या कपाळाची असती, तर कारागीर कितीही निष्णात असो, थोड्याच दिवसांत ती काळवंडून गळून पडली असती. इटलीत बोलोन्या येथे सोळाव्या शतकात ताल्याकोत्सी नावाचा शस्त्रवैद्य दंडाची कातडी वापरून नाके करीत असे. १५९७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने दुसऱ्या माणसाची कातडी वापरण्याचा विचार केला आहे आणि तो सोडूनही दिला आहे. प्रत्येक व्यक्तीचे वेगळेपण फार बलवान असते, असे कारण त्याने दिले. त्या वेगळेपणाचे स्वरूप त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. निरीक्षण मात्र अगदी अचूक होते.

कोकणातल्या बागाईतदाराला याचे आश्चर्य वाटेल. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधली की ती फुटते. हापूस परका आहे म्हणून रायवळ त्याला अव्हेरीत नाही. मनुष्याचे शरीर अव्हेरते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपले कोणते आणि परके कोणते ते ओळखतात व परक्याचा नाश करतात. याच शक्तीच्या जोरावर माणूस साथीच्या रोगांतून तरून आला, तेव्हा तिला नावे ठेवून चालणार नाही. पण जी शक्ती विषमज्वराच्या जंतूला मारते, तीच शक्ती आईने मुलाला दिलेले मूत्रपिंडही मारायला धावते. देणारी आई आहे हे पेशींना कळत नाही.

अवयवारोपण होऊन रोगी घरी निघतो तेव्हा त्याच्या हाती सूचनांचा एक कागद देतात. गोळ्या ठरल्या वेळीच घ्या. रक्त द्यायच्या दिवशी सकाळची गोळी आधी घेऊ नका. पपनस खाऊ नका. न विचारता दुसरे औषध किंवा काढा घेऊ नका. बरे वाटते म्हणून गोळी बंद करू नका. सुशिक्षित माणूससुद्धा हा कागद वाचून थोडासा हसतो. बाळंतिणीच्या पथ्यासारखा हाही एक प्रघात असावा, असे त्याला वाटते. आज मला येथे सांगायचे आहे ते असे की, त्या कागदावरच्या प्रत्येक ओळीमागे इतिहास आहे, आणि बहुतेक ओळींची किंमत कोणी ना कोणी प्राणाने चुकवलेली आहे.

हा इतिहास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाराला येऊ लागला. बाँबच्या आगीत भाजलेल्या माणसांना कातडी कोठून आणायची, हा प्रश्न इंग्लंडमध्ये निकडीचा झाला होता. पीटर मेदावर हा ऑक्सफर्डचा तरुण प्राणिशास्त्रज्ञ ग्लासगोच्या इस्पितळात टॉमस गिब्सन या शस्त्रवैद्याबरोबर काम करू लागला. भाजलेल्या एका स्त्रीच्या जखमांवर त्यांनी तिच्या भावाच्या कातडीचे तुकडे लावले. ते काही दिवसांनी गळाले. पंधरा दिवसांनंतर त्याच भावाच्या कातडीचे दुसऱ्या खेपेचे तुकडे लावले, ते पहिल्यापेक्षा लवकर गळाले. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचे मर्म या 'लवकर'मध्ये आहे. शरीराला पहिली भेट आठवत होती. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, त्यामागची जी स्मृती तीच येथेही. ही स्मृती रोगी जगतो तोवर जगते, म्हणून गोळीही तोवर घ्यावी लागते. दहा वर्षे सुरळीत गेली म्हणजे शरीर नव्या मूत्रपिंडाला आपले मानू लागले असेल, हा समज किती तरी जणांना भोवला आहे.

मूत्रपिंड बसवण्याचे शस्त्रकर्म तोवर अवघड राहिले नव्हते. १९३३ साली सोव्हिएत युक्रेनमध्ये व्होरोनॉय याने मृताचे मूत्रपिंड जिवंत रोग्याला जोडून पाहिले. रोगी दोन दिवसांत गेला. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात १९५२ च्या नाताळात मारियस रनार नावाच्या तरुणाला त्याच्या आईचे मूत्रपिंड बसवले. इमारतीच्या पाडावरून पडून त्याचे एकुलते मूत्रपिंड जायबंदी झाले होते. आईचे मूत्रपिंड चांगले चालले, बावीस दिवस. मग ते अकस्मात बंद पडले आणि मुलगा दगावला. दोन वर्षांनी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, बॉस्टन येथे जोसेफ मरे याने रिचर्ड हेरिक याला त्याचा जुळा भाऊ रोनाल्ड याचे मूत्रपिंड बसवले आणि ते टिकले. दोघे एकाच बीजाचे जुळे होते. आधी एकाच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावून तो गळत नाही याची खात्री करून घेतली होती. रिचर्ड आणखी आठ वर्षे जगला. ही घटना जगभर गाजली; पण नीट पाहिले तर ती पुण्याच्या नाकाचीच पुनरावृत्ती होती. कातडी स्वतःची काय आणि एकबीज भावाची काय, पांढऱ्या पेशींच्या हिशेबी सारखीच. ज्याला जुळा भाऊ नाही त्याचे काय करायचे, हा प्रश्न शिल्लकच होता.

यापुढची चार वर्षे काळी आहेत. क्ष-किरणांनी पांढऱ्या पेशी मरतात हे हिरोशिमानंतर सर्वांना कळले होते. तेव्हा रोग्याच्या सबंध अंगावर किरणांचा मारा करावा, प्रतिकारशक्ती झोपली की अवयव बसवावा, अशी युक्ती निघाली. बॉस्टनमध्ये १९५८ ते १९६२ या काळात बारा रोग्यांवर ती योजली; अकरा दगावले. पहारेकऱ्याला ठार मारले की घर चोरांना मोकळे होते, तसे झाले. साध्या जंतूंनी माणसे नेली. या अकरांची नावे इतिहासात कोणी लिहीत नाही. प्रतिकारशक्ती मारायची नसते, आवरायची असते, हे मात्र त्यांच्यामुळे कळले. गोळी कमी घेऊ नये हे रोग्याला सहज पटते. ती जास्तही घेऊ नये, चुकलेला डोस भरून काढण्यासाठी पुढच्या वेळी दुप्पट गिळू नये, हे त्याच न्यायाने.

आवरणारे औषध ज्या प्रयोगशाळेतून आले तिची कथा सांगण्याजोगी आहे. गर्ट्रूड एलियन ही न्यू यॉर्कची मुलगी पंधरा वर्षांची असताना तिचे आजोबा पोटाच्या कर्करोगाने गेले आणि तिने रसायनशास्त्राची वाट धरली. शिक्षण उत्तम, पण प्रयोगशाळेत बाई नको म्हणून नोकरी मिळेना. किराणा मालाच्या एका कंपनीत लोणच्याचा आंबटपणा मोजण्याचे कामही तिने केले. १९४४ साली ती बरोज वेलकम या औषधकंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली लागली आणि तिने ६-मर्कॅप्टोप्युरिन हे रक्ताच्या कर्करोगावरचे औषध तयार केले. १९५९ साली बॉस्टनच्या श्वार्ट्झ आणि डेमशेक यांना दिसले की, हे औषध दिलेल्या सशांची परक्या पदार्थाविरुद्ध लढण्याची वृत्ती मावळते. इंग्लंडमधला रॉय काल्न हा तरुण शस्त्रवैद्य ते वाचून हरखला. मूत्रपिंड बदललेल्या कुत्र्यांना त्याने ते औषध दिले, तेव्हा ती पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक जगली. पुढे बॉस्टनला जाताना तो हिचिंग्ज व एलियन यांना भेटला आणि त्यांच्याकडून त्याच औषधाची सुधारलेली बहीण घेऊन गेला. तिचे नाव अ‍ॅझाथायोप्रीन. एप्रिल १९६२ मध्ये बॉस्टन येथे नात्यागोत्याच्या नसलेल्या मृताचे मूत्रपिंड एका रोग्यास बसवले आणि या गोळीच्या आधाराने ते वर्षाहून अधिक चालले. पुढे १९८८ साली एलियनबाईंना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची डॉक्टरेट कधी पुरी झाली नव्हती.

याच प्रयोगशाळेने अ‍ॅलोप्युरिनॉल नावाचे दुसरे औषध काढले. ते काढले होते मर्कॅप्टोप्युरिनला शरीराने लवकर मोडू नये म्हणून. ते काम त्याने केलेच, शिवाय युरिक अ‍ॅसिड उतरवण्याचा गुणही त्यात आढळला आणि पायाचा अंगठा सुजणाऱ्या संधिरोगावर ते जगभर खपू लागले. आता पाहा कशी गाठ पडते. अ‍ॅझाथायोप्रीन घेणाऱ्या रोग्याचा अंगठा सुजतो. तो जवळच्या डॉक्टरांकडे जातो, आरोपणाचे सांगत नाही, कारण दुखते आहे ते पाऊल. डॉक्टर अ‍ॅलोप्युरिनॉल देतात. शरीरात मोडायचे ते औषध मोडत नाही, साचत जाते, आणि काही आठवड्यांत हाडांतला मगज रक्त बनवीनासा होतो. दोन्ही गोळ्या एकत्र देणे भाग पडलेच तर अ‍ॅझाथायोप्रीनची मात्रा चौथाईपर्यंत खाली आणावी लागते. 'न विचारता दुसरे औषध घेऊ नका' या ओळीचा उगम येथे आहे. म्हणून आरोपण झालेल्या माणसाने दाताच्या डॉक्टरांकडे गेला तरी आपल्या गोळ्यांची यादी पुढे ठेवावी.

अ‍ॅझाथायोप्रीन एकटी पुरी पडेना. डेन्व्हरच्या टॉमस स्टार्झल याने तिला प्रेडनिसोन या स्टेरॉइडची जोड दिली आणि १९६३ साली दाखवून दिले की अव्हेर सुरू झाला तरी तो परतवता येतो. तोवर अव्हेर म्हणजे मरण असे समीकरण होते, ते मोडले. पण स्टेरॉइडनेही आपले मोल घेतलेच. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा वाटोळा होई, हाडे ठिसूळ होत, साखर वाढे, मुलांची उंची खुंटे. तरुण मुली आरशात पाहून गोळी टाकून देत. येथे एक धोका लक्षात ठेवला पाहिजे: स्टेरॉइड पुष्कळ दिवस घेतले की मूत्रपिंडाच्या माथ्यावरच्या ग्रंथी आपले काम सोडून देतात. मग गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. ती उतरवायची झाल्यास पायरीपायरीने, आणि डॉक्टरांच्याच हिशेबाने.

दुसरे मोल सावकाश कळले. आवरलेली प्रतिकारशक्ती कर्करोगाच्या पेशींकडेही डोळेझाक करते. डेन्व्हरमध्येच इस्रायल पेन याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस अशा रोग्यांची नोंदवही सुरू केली. त्वचेचे आणि लसिकाग्रंथींचे कर्करोग त्यांच्यात अधिक निघाले. म्हणून उन्हात अंग झाकून हिंडावे आणि न भरणारा फोड लपवू नये.

डिसेंबर १९६७ मध्ये केप टाउनच्या ख्रिस्तियान बर्नार्ड याने माणसाला माणसाचे हृदय बसवले आणि सारे जग थक्क झाले. लुई वॉशकान्स्की अठरा दिवस जगला. तो कशाने गेला हे फार थोड्यांच्या ध्यानात राहिले. हृदय शेवटपर्यंत बरे चालले होते. त्याला नेले न्यूमोनियाने, कारण हृदय टिकावे म्हणून दिलेल्या औषधांनी फुफ्फुसाचा पहारा उठवला होता. मुंबईही मागे राहिली नाही. के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंडाचे आरोपण करून पाहिले होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये तेथेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाचे आरोपण केले. रोगी काही तासांतच दगावला. सेनांचे साहस मोठे आणि हातही तयार होता. पण त्या एका वर्षात जगभर शंभरावर हृदये बसवली गेली आणि बहुतेक रोगी थोड्याच काळात गेले. १९७१ च्या सुमारास बहुतेक शस्त्रवैद्यांनी हृदयाचे आरोपण सोडून दिले. हातांनी शक्य असलेले सर्व करून झाले होते. अडले होते ते औषधापाशी. त्याच १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मूत्रपिंडाचे आरोपण यशस्वी झाले आणि भारतातली वाट खऱ्या अर्थाने खुली झाली.

औषध आले ते मातीतून. बाझल येथील सँडोझ कंपनीचे नोकर सुटीवर जाताना प्लास्टिकच्या पिशव्या बरोबर नेत आणि जेथे जातील तेथली चिमूटभर माती आणीत. एखादी उपयोगी बुरशी सापडावी म्हणून. १९६९ साली नॉर्वेच्या हार्डांगर पठारावरून अशीच माती आली. तिच्यातल्या बुरशीपासून निघालेला पदार्थ पांढऱ्या पेशींपैकी नेमक्या अव्हेर करणाऱ्या पेशींना आवरतो आणि मगजाला धक्का लावीत नाही, असे १९७२ च्या आरंभी आढळले. त्याचे नाव सायक्लोस्पोरिन. हार्टमान स्टेहेलिन आणि झाँ-फ्रान्स्वा बोरेल ही दोन नावे त्याच्याशी निगडित आहेत. श्रेय कोणाचे किती, यावर पुढे वादही झाला. पदार्थ पाण्यात विरघळेना. केंब्रिजमध्ये काल्नच्या हाताखाली काम करणाऱ्या एका ग्रीक डॉक्टराने तो ऑलिव्हच्या तेलात विरघळवला, तेव्हा प्राण्यांच्या पोटात तो नीट जाऊ लागला. १९७८ साली केंब्रिजला माणसांना प्रथम दिला आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. मृताचे मूत्रपिंड वर्षभर टिकण्याचे प्रमाण शंभरात पन्नासच्या आसपास होते ते ऐंशीच्या घरात गेले. हृदयाची आणि यकृताची आरोपणे पुन्हा सुरू झाली.

परंतु केंब्रिजच्या पहिल्याच रोग्यांत एक विपरीत गोष्ट दिसली. कुत्र्यांना बाधक न ठरलेले हे औषध माणसाच्या मूत्रपिंडाला बाधत होते. ज्याच्या रक्षणासाठी द्यायचे त्यालाच इजा! मूत्रपिंड मंदावले तर ते अव्हेरामुळे की औषधाच्या विषारामुळे, हे सांगणे कठीण. आणि दोहोंचा उपाय नेमका उलट. एकात मात्रा वाढवायची, दुसऱ्यात कमी करायची. या पेचातून रक्तातली पातळी मोजण्याची रीत आली. पातळी दिवसभर चढउतार करते. गोळी घेतल्यावर ती चढते आणि पुढची गोळी घेण्याच्या वेळी तळाला असते. तो तळ मोजायचा. म्हणून रक्त द्यायच्या दिवशी सकाळची गोळी खिशात ठेवून जायचे आणि रक्त दिल्यावर घ्यायची. पुष्कळ माणसे शहाणपणाने गोळी आधीच घेऊन जातात. मग पातळी खोटीच उंच दिसते, डॉक्टर मात्रा उतरवतात, आणि पुढच्या महिन्यात अव्हेर उभा राहतो. आदल्या रात्रीची गोळी उशिरा घेतली असेल तर तेही सांगावे. बारा तासांचे अंतर बिघडले की त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

पुढची औषधेही मातीतलीच. जपानच्या त्सुकुबा येथल्या मातीतून १९८४ साली टॅक्रोलिमस निघाले. पिट्सबर्गला स्टार्झलने १९८९ मध्ये ते वापरले आणि पुढे जगभर तेच मुख्य औषध झाले. त्याच्याही कागाळ्या आहेतच, हात कापणे, नव्याने मधुमेह जडणे. ईस्टर बेटावरून १९६४ च्या कॅनडियन मोहिमेने आणलेल्या मातीतले सिरोलिमस सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय शास्त्रज्ञाने मॉन्ट्रियलमध्ये वेगळे केले. कंपनीने ते काम बंद केले तेव्हा त्यांनी ते जिवाणू घरच्या शीतकपाटात जपून ठेवले, आणि १९९९ साली त्या औषधाला मान्यता मिळाली. मायकोफिनोलिक अ‍ॅसिड तर इटलीतल्या गोसिओने मक्याच्या बुरशीत १८९३ सालीच पाहिले होते. ते आरोपणाच्या कामी यायला १९९५ उजाडले. या शेवटच्या औषधाने गर्भात व्यंग येते. मूल हवे असलेल्या स्त्रीने ते आधी डॉक्टरांकडून बदलून घेतले पाहिजे, दिवस गेल्यावर नव्हे. आणि घाबरून आपणहून बंदही करू नये, नाही तर मूत्रपिंड जायचे.

आता पपनसाकडे वळू. कॅनडात डेव्हिड बेली याने रक्तदाबाच्या एका औषधावर दारूचा काय परिणाम होतो हे तपासताना दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला. दारू राहिली बाजूला. रसानेच औषधाची पातळी कित्येक पटींनी चढवली. हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. आतड्याच्या अस्तरात औषध मोडणारे एक विकर असते, त्याला या फळातले द्रव्य निकामी करते. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही दोन्ही त्याच विकराने मोडतात. आपल्याकडे ग्रेपफ्रूट फारसे कोणी खात नाही, म्हणून ती सूचना वाचून आपण पान उलटतो. पण ग्रेपफ्रूट हे पपनसाचेच लेकरू, वेस्ट इंडीज बेटांत पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून झालेले. आणि पपनस कोकणात परसातले फळ आहे. पपनसानेही टॅक्रोलिमसची पातळी चढल्याचे २००३ साली जपानी डॉक्टरांनी नोंदले आहे.

याच विकराला चिथावणारी औषधेही आहेत, आणि आपल्या देशात तीच अधिक घातक. क्षयाच्या उपचारातले रिफँपिसिन हे त्यांतले मुख्य. तेही मातीतूनच आले, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या; 'रिफिफी' नावाच्या चित्रपटावरून इटलीतल्या शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले. ते सुरू केले की टॅक्रोलिमस शरीरात टिकतच नाही, पातळी तळाला जाते. आणि क्षय तर प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाच्या वाट्याला येथे हमखास येतो. क्षयाचा उपचार टाळता येत नाही. म्हणून तो आरोपणाच्या डॉक्टरांना सांगूनच, मात्रा बदलून किंवा त्या गटातले सौम्य औषध निवडून, करावा लागतो. याउलट केटोकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध पातळी चढवते. भारतीय डॉक्टरांनी या दोषाचाच गुण केला. सायक्लोस्पोरिन परवडत नाही अशा रोग्याला केटोकोनॅझोलची स्वस्त गोळी जोडीने देऊन महागड्या औषधाची मात्रा त्यांनी उतरवली. ही काटकसर हिशेबाने आणि रक्त तपासून झाली, म्हणून साधली. पण अशी जोडगोळी घेणाऱ्याने बुरशीची गोळी संपली म्हणून चार दिवस टाळली तर काय होईल, ते सांगायला नको.

काढ्यांविषयी बोलणे भाग आहे, कारण २०२० पासून आपल्या घराघरांत प्रतिकारशक्ती वाढवण्याची हौस शिरली. निरोग्याने काय करावे हा माझा विषय नाही. ज्याची प्रतिकारशक्ती हेतुपुरस्सर आवरून धरलेली आहे त्याला ती वाढवणारे काही देणे म्हणजे एका हाताने दार लावून दुसऱ्याने उघडणे होय. झ्यूरिकच्या डॉक्टरांनी २००० साली दोघा रोग्यांची हकीकत छापली. दोघांना दुसऱ्याचे हृदय बसवलेले. मन उदास म्हणून त्यांनी सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली घरगुती वनस्पती घेतली, सायक्लोस्पोरिनची पातळी घसरली आणि दोघांच्या शरीराने हृदय अव्हेरायला सुरुवात केली. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या सहा रोग्यांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली केली. त्यांचे आरोपण झालेले नव्हते, आणि आयुष मंत्रालयाने या नोंदीवर आक्षेपही घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी आरोपण झालेल्या माणसाने अशा वेली स्वतःवर अजमावून पाहण्याचे कारण नाही. लशींच्या बाबतीतही एवढा विवेक हवा: जिवंत जंतूंची लस घ्यायची नाही; मारलेल्या जंतूंची विचारून घ्यायची. ताप आला तर घरी वाट पाहू नये.

आणि तरीही, माझ्या मते, सर्वांत मोठा शत्रू पपनस नव्हे आणि काढाही नव्हे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका समालोचनात असे दिसले की, वाया गेलेल्या मूत्रपिंडांपैकी शंभरात सुमारे छत्तीस मूत्रपिंडांच्या मागे औषधे चुकवणे होते. याला केवळ रोग्याचा निष्काळजीपणा म्हणून मोकळे होता येत नाही. अवयव मागता मिळावा म्हणून कायदा झाला; १९९४ चा तो केंद्रीय कायदा फेब्रुवारी १९९५ मध्ये अमलात आला तेव्हा प्रथम स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. शस्त्रक्रियेसाठी गाव वर्गणी काढते, धर्मादाय संस्था धावून येतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. तिसऱ्या वर्षीच्या गोळ्यांसाठी कोणी वर्गणी काढीत नाही. मग दिवसाच्या दोन गोळ्यांची एक होते. किंवा दुकानदार म्हणतो तेच औषध, कंपनी दुसरी, आणि रक्त न तपासता बदल होतो. औषध तेच असले तरी या जातीच्या गोळ्यांत किंचित फरकही जाणवतो, म्हणून कंपनी बदलली की पातळी तपासायची. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका अधिक, आया आणि पत्नी. एका घरातल्या दोन माणसांच्या पोटावर व्रण असतो आणि गोळ्यांचा खर्च पेलेना म्हणून तो वाया जातो, ही गोष्ट सोसणे मला जड जाते.

गोळीशिवाय भागेल असा दिवस येईल काय? मेदावर, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी १९५३ साली जन्मापूर्वीच्या उंदरांना परक्या पेशी टोचून दाखवले की, असा उंदीर मोठेपणी त्या परक्याची कातडी आपलीशी करतो. मेदावरना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले, ऑस्ट्रेलियाच्या बर्नेट यांच्याबरोबर. माणसात ते साधायला फार काळ लागला. स्टार्झलने १९९२ च्या सुमारास आपले जुने रोगी तपासले, तेव्हा काहींच्या शरीरात दात्याच्या पेशी दशकांनंतरही नांदताना आढळल्या. त्यांतल्या काहींनी औषधे आपणहून सोडली होती आणि ते धडधाकट होते. अशी उदाहरणे प्रतीक्षागृहांत तोंडोतोंडी फिरतात. ज्यांनी सोडली आणि ज्यांचे मूत्रपिंड गेले ते मात्र त्या बाकांवर बसलेले नसतात. ते डायालिसिसच्या यंत्रावर परत गेलेले असतात. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयाने २००८ साली पाच रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यांना दात्याचे मूत्रपिंड आणि हाडातला मगज दोन्ही दिले होते, आणि चौघांची सर्व औषधे थांबवता आली. अशा रीतीने आरोपण झालेल्यांपैकी काहींना पुढील वर्षांत ती पुन्हा सुरू करावी लागली. त्यांची गोळी कमी केली ती महिनोन् महिने, दर टप्प्यावर रक्त पाहून आणि मूत्रपिंडाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासून.